अपारंपरिक ऊर्जा (बेळगाव सीमाभाग)

ऊन, वारा, वाहते पाणी आणि शेतीतला टाकाऊ माल यांपासून मिळणारी, वापरली तरी पुन्हा भरून येणारी ऊर्जा. बेळगाव व लगतच्या सीमाभागात हे चारही प्रकार आहेत. पावसाळ्यात वारा आणि पाणी, दिवाळीच्या सुमारास सुरू होणाऱ्या गळीत हंगामात चिपाड, उन्हाळ्यात ऊन असे त्यांचे हंगाम बऱ्यापैकी एकमेकांना पूरक आहेत. खरी अडचण येते ती संध्याकाळी, ऊन मावळलेले असते आणि विजेची मागणी वाढते तेव्हा.

जलऊर्जा यांत सर्वांत जुनी. घटप्रभा नदी गोकाकजवळ सुमारे 52 मीटर खाली कोसळते. त्या पाण्याच्या जोरावर 1887 च्या सुमारास तेथे सूतगिरणी उभी राहिली. उन्हाळ्यात मात्र हाच धबधबा आटून नुसता कातळ दिसतो. वरच्या अंगाला हिडकल धरणावर 32 मेगावॅटचे वीजघर आहे, पण तेथे मान शेतीच्या पाण्याला. पाणी सुटले तरच जनित्र फिरते. मोठ्या धरणाची किंमत कोण मोजतो, हे पाहायचे तर खानापूरच्या दक्षिणेला रामनगरला जावे. काळी नदीवरील 101 मीटर उंच सुपा धरणात जुने सुपा गाव बुडाले, आणि तेथील अनेक कुटुंबे रामनगरात वसवली गेली. धूर नसलेल्या विजेलाही विस्थापित असतातच.

पवनचक्क्या सौंदत्तीकडच्या उघड्या माळांवर दिसतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये त्या जोरात चालतात आणि नंतर अनेक दिवस नुसत्या उभ्या असतात. चक्कीखाली ज्वारी, हरभरा पिकवता येतो हा फायदा. पण लांबलचक पाती माळावर चढवायला रुंद रस्ते लागतात आणि ते कुणाच्या तरी शेतातूनच जातात. खानापूरच्या घाटातल्या जंगलात असे रस्ते पाडणे परवडणारे नाही. तेथील भीमगड अभयारण्याच्या परिसरातली बारापेडे गुहा दुर्मीळ वटवाघळांसाठी ओळखली जाते, आणि फिरती पाती वटवाघळांना घातक ठरतात.

चिपाडाची वीज ही ऊसपट्ट्याची खासियत. एक टन उसातून 280 ते 300 किलो चिपाड निघते. ते बॉयलरमध्ये जाळून कारखाना आपली गरज भागवतो आणि उरलेली वीज ग्रिडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला विकतो. ही वीज रात्रंदिवस मिळते, पण धुराडी चालू असेपर्यंतच. राख नीट अडवली नाही, तर आसपासच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसतात. शिवाय ऊस भरपूर पाणी पितो. कृष्णाकाठी अतिपाण्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत. तो हिशेब विजेच्या बिलात येत नाही, म्हणून या विजेला सरसकट स्वच्छ म्हणणे घाईचे ठरेल.

सौरऊर्जा छतावर सहज बसते. 3 किलोवॅटच्या संचाला साधारण 300 चौरस फूट मोकळी गच्ची लागते. पॅनेल दक्षिणेकडे सुमारे 15 अंश कलते ठेवतात. निरभ्र दिवशी असा संच 12 युनिटच्या आसपास वीज देतो, आषाढात मात्र आकडा फार खाली येतो. खानापूर भागातल्या जुन्या कौलारू घरांवर सांगाडा बसवणे जिकिरीचे. बसवणाऱ्याने आधी सांगायला हवी अशी एक गोष्ट बरेचदा मागाहून कळते: बॅटरी नसलेला ग्रिडला जोडलेला संच लाईट गेली की आपोआप बंद पडतो, मग बाहेर कितीही कडक ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलटा करंट लागू नये, म्हणून ही सोय असते.

कर्नाटकात 10 अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, आणि 2023 पासून घरगुती ग्राहकांनाही ठरलेल्या मर्यादेत 200 युनिटपर्यंत माफी आहे. परिणामी कमी वापराच्या घराला पदरचे पैसे घालून पॅनेल बसवण्याची निकड वाटत नाही. मोठा वापर असलेले कारखाने, दवाखाने आणि शाळा यांना तो खर्च लवकर वसूल होतो.

दुपारची वीज संध्याकाळसाठी राखायची, तर साठवण हवी. बॅटऱ्या महाग आहेत. दुसरा मार्ग उदंचन साठवणीचा: वीज जास्त असताना पाणी वरच्या तलावात चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडून जनित्र फिरवायचे. मलप्रभेवरील रेणुकासागर जलाशयाजवळ, सौंदत्ती तालुक्यात असा प्रकल्प आखला गेला आहे. या पद्धतीत 100 युनिट खर्चून साधारण 75 ते 80 युनिट परत मिळतात.