आत जाणाऱ्या हवेचा बाहेर येणारा आवाज

इंग्लंडमधील नॉर्थ यॉर्कशायर परगण्यातल्या क्रॉफ्ट या शर्यतपट्टीविरुद्ध शेजारच्या रहिवाशांनी केलेला दावा २००९ साली अपील न्यायालयात पोहोचला, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आवाजाचे कार्यक्रम वर्षातून ४० दिवसांहून जास्त होऊ नयेत, असा मनाई हुकूम निघाला. गुडवुड, कॅसल कोम यांसारख्या तिथल्या कित्येक शर्यतपट्ट्या दुसऱ्या महायुद्धातील हवाई तळांच्या कडेच्या रस्त्यांवर तयार झाल्या असून त्यांच्या आसपास वस्ती आहे. त्यामुळे ज्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात, म्हणजे हौशी माणसाने शुल्क भरून शर्यतीशिवाय आपली स्वतःची गाडी पट्टीवर मनसोक्त पळवायची, त्या दिवशीही गाडीची पहिली गाठ पडते ती ध्वनिमापकाशी.

ही तपासणी दोन टप्प्यांत होते. सकाळी गाडी उभी असताना एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरतात आणि इंजिन कमाल फेऱ्यांच्या साधारण तीन चतुर्थांश वेगाने फिरवायला सांगतात. मर्यादा पट्टीगणिक बदलते, पण ती १०० डेसिबलच्या आसपास असल्याचे पुष्कळदा आढळते. दुसरा मापक पट्टीच्या कडेला उभा असतो आणि धावत्या गाडीचा आवाज टिपतो. सकाळची परीक्षा सहज उत्तीर्ण झालेली गाडी दुपारी याच दुसऱ्या मापकामुळे माघारी बोलावली जाते, आणि मालक बिचारा आणखी मोठा सायलेन्सर शोधू लागतो. माझ्या मते तो बहुतेक वेळा गाडीच्या चुकीच्या टोकाकडे पाहत असतो.

उदाहरण म्हणून कॅटरहॅम सेव्हन ही छोटी, उघडी स्पोर्ट्स गाडी घेऊ. लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनचे हक्क १९७३ मध्ये कॅटरहॅम कंपनीकडे आले आणि ती गाडी आजही बनते. वजन ५०० ते ६०० किलो, म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० पेक्षाही कमी. छप्पर नाही, दारे असलीच तर नावापुरती, एक्झॉस्टचा पाइप आखूड आणि बाजूलाच उघडा. मोठ्या गाडीत जे पत्रे, गालिचे आणि लांबलचक नळ्या आवाज गिळतात, त्यांतले येथे काहीच नसते, आणि पाच किलोंचा सायलेन्सर वाढवला तर गाडीचे वजन जवळपास एक टक्क्याने वाढते.

एक्झॉस्टचे शास्त्र जुने आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. अशा गाडीत बहुधा भोकांच्या नळीभोवती काचतंतू किंवा बेसाल्टतंतू ठासलेला सायलेन्सर असतो. ध्वनिलहरीने हवा तंतूंतून मागेपुढे होते, घर्षण होते आणि आवाजाची ऊर्जा उष्णतेत विरते. उंच स्वरांसाठी ही युक्ती उत्तम आहे, खर्जासाठी दुबळी आहे, कारण ५०० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत २०० हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेतीन मीटरांहून थोडी जास्त भरते आणि तिला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे अस्तर फारसे जाणवत नाही. शिवाय तंतू जळतात आणि वायूबरोबर उडून जातात, त्यामुळे ‘गेल्या वर्षी तर पास झाली होती’ या तक्रारीचे उत्तर पुष्कळदा सायलेन्सर उघडून आतले भरण बदलण्यात असते.

आता मूळ मुद्दा. उभ्या गाडीच्या परीक्षेत इंजिनावर भार नसतो, आत जाणारी हवा कमीजास्त करणारी थ्रॉटलची झडप जेमतेम उघडलेली असते आणि त्या अरुंद फटीमागे इनटेकचा, म्हणजे हवा आत ओढणाऱ्या वाटेचा, आवाज कोंडलेला राहतो. सरळ पट्ट्यावर पेडल तळाला टेकले की चार सिलिंडरांच्या चारही थ्रॉटल झडपा सताड उघडतात, आणि हवा ओढणारी चार तोंडे थेट पिस्टनच्या माथ्याशी जोडली जातात. हवा तर आत जाते, मग आवाज बाहेर कसा येतो, असा प्रश्न येथे पडावा. दोन लिटरचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे १०० लिटर हवा घेते. ती ४५ मिलिमीटर व्यासाच्या चार तोंडांतून सरासरी १६ मीटर प्रतिसेकंद वेगाने आत शिरते. ध्वनी त्याच हवेत ३४० मीटर प्रतिसेकंद वेगाने चालतो. हळू वाहणाऱ्या नदीत प्रवाहाविरुद्ध मोटारबोट जावी, तशी सिलिंडरच्या तोंडावरची प्रत्येक झडप उघडताना उठलेली दाबाची लाट बाहेर पडते.

दोन उगमांचा हिशेब डेसिबलच्या भाषेत फसवा असतो. धावत्या गाडीत एक्झॉस्ट ९७ आणि इनटेक ९७ डेसिबल असेल, तर बेरीज १९४ नव्हे, १०० होते. याचाच अर्थ असा, की एक्झॉस्ट पूर्णपणे मुका केला, जे अशक्यच आहे, तरी मापकावर फक्त तीन डेसिबलची घट दिसेल. पैसे आणि वजन दोन्ही खर्चून पदरी एवढेच पडणार असेल, तर इनटेकवर झाकण घालणे शहाणपणाचे. त्या झाकणाला एअरबॉक्स म्हणतात: चारही तोंडांवर एक बंद पेटी आणि तिला बाहेरून हवा आणणारी एकच नळी.

ही पेटी मला विशेष आवडते, कारण ती आवाज शोषत नाही. ती त्याला दाद देत नाही. रबराला दगड बांधून वरचे टोक हाताने हलवून पाहावे. हात सावकाश हलवला तर दगड हातामागे जातो. दगडाच्या स्वतःच्या लयीत हलवला तर तो वेड्यासारखा उसळतो. पण त्याहून बराच जलद हलवला, तर हात थरथरत राहतो आणि दगड जागच्या जागी जवळजवळ स्थिर राहतो. एअरबॉक्समध्ये पेटीतली हवा म्हणजे रबर, कारण ती दाबली-ताणली जाते. नळीतली हवा म्हणजे दगड, कारण तिला वजन आहे. आणि इंजिन म्हणजे हात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर जो हूंकार येतो तोही याच जोडीचा, आणि तिचे गणित एकोणिसाव्या शतकात हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी मांडले.

त्या गणितानुसार नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाला पेटीचे आकारमान आणि नळीची लांबी यांच्या गुणाकाराने भागायचे, वर्गमूळ काढायचे, ध्वनीच्या वेगाने गुणायचे आणि २π ने, म्हणजे सुमारे ६.२८ ने, भागायचे. पेटी आठ लिटरची, नळी ७५ मिलिमीटर व्यासाची आणि दोन्ही तोंडांजवळची थोडी हवा धरून ३५ सेंटिमीटर लांब असेल, तर उत्तर सुमारे ६८ हर्ट्झ येते. चार सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन श्वास होतात, म्हणून ६८ हर्ट्झ म्हणजे मिनिटाला साधारण २,००० फेरे. तेथे पेटी आवाज उलट वाढवते, पण पट्टीवर त्या फेऱ्यांत गाडी चालवतो कोण? सुमारे २,९०० फेऱ्यांच्या वर दगड मागे पडू लागतो, आणि ६,००० फेऱ्यांवर, म्हणजे २०० हर्ट्झला, कागदावरची घट १७-१८ डेसिबल निघते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. हेल्महोल्ट्झची बाटली मुख्य नळीला बाजूने फांदीसारखी जोडण्याचीही पद्धत आहे. ती एकच स्वर नेमका कापते, म्हणून महामार्गावर एका वेगाने जाताना घुमणाऱ्या गाडीला ती योग्य ठरते. शर्यतपट्टीवर फेरे ४,००० पासून ७,००० पर्यंत सतत बदलतात, म्हणजे मूळ स्वर १३३ ते २३३ हर्ट्झ असा सरकत राहतो. तेथे एका स्वरासाठी बांधलेली फांदी बहुतेक वेळ निरुपयोगीच राहते.

‘पेटी लावली की ताकद गेली’ हा समज गॅरेजांतून श्रद्धेसारखा जपला जातो. वरच्या नळीतून १०० लिटर हवा सेकंदाला सुमारे २३ मीटर वेगाने जाईल आणि तेवढ्या वेगासाठी लागणारा दाब ३०० पास्कलच्या जरा वर, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या ०.३ टक्के आहे. नळीचे तोंड कर्ण्यासारखे पसरट ठेवले तर तोटा याच मापाचा राहतो. उलट नळी गाडीच्या पुढून थंड हवा आणत असेल आणि ती इंजिनाशेजारच्या हवेपेक्षा दहाच अंश गार असेल, तर हवा तीन टक्क्यांहून थोडी दाट मिळते. आवाज म्हणजेच ताकद मानणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: अर्ध्या मीटरवर १०० डेसिबल म्हणजे सर्व दिशांना मिळून सुमारे ०.०३ वॅट. पूर्ण थ्रॉटलला तो शंभरपट धरला तरी तीन वॅट होतात, आणि इंजिन एक लाख वॅट देत असते. आपल्याकडे पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोलरखाली चिरडलेले बुलेटचे सायलेन्सर याच तीन वॅटच्या नादाने विकत घेतलेले असतात.

पेटी बांधताना मात्र हलकेपणाचा मोह आवरावा लागतो. भिंती पातळ आणि सपाट असतील तर त्या ढोलाच्या कातड्यासारख्या थरथरतात आणि नळीने अडवलेला आवाज भिंतीतून निसटतो. भिंतींना गोलाई किंवा बरगड्या दिल्या तर थोड्या वजनात ताठपणा येतो. हवेच्या तोंडांपासून समोरची भिंत किमान एका तोंडाच्या व्यासाइतकी दूर हवी, नाहीतर वर वाचवलेली ताकद येथे जाते. फोमचा फिल्टर धूळ अडवतो, आवाजाच्या उंच स्वरांना थोडा बोथट करतो, पण खर्जाला अडवत नाही.

आणि सकाळच्या परीक्षेत ही पेटी लावून गाडी उभी केली, तर मापकावरचा आकडा जवळजवळ कालचाच दिसेल, कारण थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेलीच असेल.