गावरान म्हणून मर चुकत नाही

दादरच्या बाजारात ‘गावरान’ म्हटलं की वांग्याचा भाव चढतो. त्यासोबत एक समजही विकला जातो: जुन्या देशी वाणांना रोग लागत नाही. हे खरं असतं, तर अंदमानात मर रोगापुढे (उभं झाड अचानक कोमेजून मरणं) कोण टिकतं म्हणून भाजीपाल्याचे वाण तपासत बसायची गरजच नव्हती. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमला, १९७८ पासून केंद्रीय कृषी संशोधन संस्था आहे; आता तिचं नाव केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्था. तिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, माती वर्षातला बराच काळ ओली आणि उबदार. मर आणणाऱ्या राल्स्टोनिया या जिवाणूला याहून जास्त काय हवं? कोकणातल्या टोमॅटो-वांग्यालाही तो सोडत नाही.

मुळाच्या बारीक जखमेतून तो आत शिरतो, जलवाहिन्यांत वाढतो आणि चिकट बहुशर्करा सोडतो. वाहिन्या तुंबतात. मुळाशी पाणी असून शेंडा तहानलेला राहतो, आणि झाड पिवळं न पडता हिरवंगार असतानाच मान टाकतं. एवढ्या झटपट झाड गेलं की दृष्ट लागली म्हणतात, बांधावर काळी बाहुली टांगतात. त्यापेक्षा खोडाचा खालचा तुकडा कापून त्याचं टोक स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात बुडवून धरा. काही मिनिटांत कापातून दुधाळ पांढरी तार खाली उतरू लागते. ते जिवाणूच.

तग धरणाऱ्या वाणातही जिवाणू शिरतो, पण बराचसा मुळांमध्येच अडकतो, खोडात पसरत नाही. त्यामुळे झाड टवटवीत दिसलं एवढ्यावर निकाल देता येत नाही. चाचणी मर लागलेल्या शेतातच घ्यावी लागते, आणि मध्ये मध्ये हमखास मरणारा वाण लावावा लागतो. तो मेला, तरच शेजारच्याच्या जगण्याला अर्थ. शिवाय जिवाणूचे प्रकार जागोजाग वेगळे, म्हणून एका बेटावर टिकलेला वाण दुसरीकडे कोलमडू शकतो. ‘हवाई ७९९६’ या प्रसिद्ध टोमॅटोची प्रतिकारशक्ती मुख्यतः ६ व्या आणि १२ व्या गुणसूत्रांवरच्या भागांतून येते. एकच जनुक उचलून काम भागत नाही, आणि संकरात प्रतिकारासोबत लहान फळाचा गुणही चिकटून येतो. तो सोडवण्यात पिढ्या जातात.

तोवर तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने सुचवलेली वाट आहे: प्रतिकारक वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचं कलम. वांग्याची मुळं साचलेलं पाणीही अधिक सोसतात. फक्त कलमाचा सांधा मातीच्या वर ठेवायचा. तो गाडला गेला, तर टोमॅटोच्या खोडाला स्वतःची मुळं फुटतात आणि जिवाणू तिथून आत येतो.