आत्याचे सात ईसीजी

आमच्या आत्याच्या कपाटात, औषधांच्या पिशवीत, ईसीजीचे सात कागद होते. सातही नॉर्मल. मुलाला घरी यायला अर्धा तास उशीर झाला की तिच्या छातीत धडधड सुरू व्हायची, हातपाय गळायचे. हृदय तपासून घेतलं ते बरोबरच होतं. पण पुढे कोणी काही विचारलं नाही. ‘उगाच धसका घेते,’ एवढंच सगळे म्हणत.

चिंतेचं दुखणं हृदयात शोधायची ही गल्लत जुनी आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब द कोस्टा या डॉक्टरांकडे धडधड, धाप, छातीत दुखणं अशा तक्रारी घेऊन सैनिक येत. हृदयात ठोस बिघाड सापडत नसे. तरी १८७१ मध्ये त्यांनी या दुखण्याला नाव दिलं ते हृदयाचंच: ‘चिडकं हृदय’.

१८९५ मध्ये मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेचा आजार वेगळा काढला. त्यांनी सांगितलेलं कारण पुढे टिकलं नाही, वर्णन मात्र टिकलं. त्यांनी एका बाईचं उदाहरण दिलं: सर्दी झालेला नवरा खोकला की तिला न्यूमोनियाच आठवतो, डोळ्यांसमोरून त्याची अंत्ययात्रा जाते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अगं, अगदी असंच होतं.”

१९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात घबराटीचे झटके आणि सततची काळजी हे दोन स्वतंत्र आजार ठरले. सततच्या काळजीला तेव्हा एक महिन्याची अट होती, १९८७ मध्ये ती सहा महिन्यांची झाली. मला ही मुदत फार मोलाची वाटते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, तर तो आजार नव्हे. विषय बदलतात पण घोर जात नाही, झोप उडते, मान-खांदे आखडतात, कामात लक्ष लागत नाही आणि असे महिनोन्‌महिने जातात, तेव्हा मदत घ्यायलाच हवी.

विचारांची तपासणी करून भावना बदलायची अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची पद्धत १९५५ची. त्यांच्याशी पत्रव्यवहार करून ती शिकलेले कि. मो. फडके यांनी ती मराठी माणसांपर्यंत आणली. १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी आणखी एक साधा उपाय मांडला: रोज ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी अर्धा तास काळजी करायची. एरवी मनात आली तर त्या वेळेवर ढकलायची.

समुपदेशक बाईंनी आत्याला हेच सुचवलं. तिने गॅलरीतली खुर्ची आणि संध्याकाळी साडेसातची वेळ धरली. वहीच्या पहिल्या पानावर अकरा ओळी आहेत. शेवटची ओळ लिहीपर्यंत मुलगा घरी येऊन चहा पीत होता.