ट्रॅकिंग पिक्सेल

ट्रॅकिंग पिक्सेल : वेबपानात, ॲपमध्ये किंवा ई-मेलमध्ये दडवलेला, डोळ्यांना न दिसणारा तुकडा. पान कोणी उघडले याची खबर तो तिसऱ्याच कंपनीला पोचवतो. मुळात तो एक पिक्सेल (पडद्यावरचा एक ठिपका) रुंद आणि एक पिक्सेल उंच असे पारदर्शक चित्र होता, म्हणून हे नाव. आज त्या जागी बहुधा जावास्क्रिप्ट या वेबपानांच्या संगणकभाषेतल्या काही ओळी असतात, नाव मात्र जुनेच टिकले आहे.

समाजमाध्यमांवरील खासगीपणाची चर्चा बहुतेकदा आपण काय पोस्ट करतो आणि ते कोणाला दिसते, इथेच घुटमळते. फोटो फक्त मित्रांना दिसावा की सगळ्यांना, हे सेटिंगमधून ठरवता येते. पण हे सेटिंग म्हणजे आपण आणि इतर वापरकर्ते यांच्यामधला पडदा आहे. आपण आणि कंपनी यांच्यामध्ये त्याने काही झाकले जात नाही. शिवाय जाहिरातीसाठी लागणारी बरीचशी माहिती समाजमाध्यमाबाहेर, आपण ते उघडलेलेही नसताना गोळा होते. ती गोळा करणारे मुख्य साधन म्हणजे पिक्सेल.

कार्यपद्धती : वेबपान उघडले की ब्राउझर त्यातला प्रत्येक भाग ज्या त्या सर्व्हरकडून मागवतो. बातमीसोबतचा फोटो वृत्तपत्राच्या सर्व्हरवरून येतो. पिक्सेल येतो जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून. तो मागवताना ब्राउझर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला क्रमांक), मागणी कोणत्या वेबसाइटवरून आली, ब्राउझर कोणता, फोन कोणता हे आपसूक सांगून टाकतो. त्या कंपनीने पूर्वी ठेवलेली कुकी, म्हणजे ओळखीचा क्रमांक असलेली छोटी नोंद, ब्राउझरमध्ये असली आणि ब्राउझरने अडवली नाही, तर तीही सोबत जाते. कुकीतला क्रमांक समाजमाध्यमावरच्या खात्याशी जोडलेला असला, तर कोणा अनोळखी माणसाची वाटणारी ही भेट नावानिशी नोंदली जाते. चित्र केवळ निमित्त असते, काम मागणीतच उरकलेले असते.

जावास्क्रिप्टचा पिक्सेल याहून पुष्कळ अधिक बोलतो. फेसबुक व इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीच्या पिक्सेलमध्ये पान पाहिले, वस्तू कार्टमध्ये टाकली, खरेदी केली असे ठरावीक प्रसंग आधीच आखलेले आहेत आणि त्यांच्यासोबत वस्तूचे नाव व रक्कमही पाठवता येते. समजा, नाशिकमधली एक मुलगी वडिलांसाठी श्रवणयंत्र शोधते आहे. एका विक्रेत्याच्या वेबसाइटवर ती दोन यंत्रे पाहते, एक कार्टमध्ये टाकते आणि किंमत पाहून थांबते. इन्स्टाग्रामवर तिने याबद्दल अवाक्षर काढलेले नाही. तरी संध्याकाळी तेच यंत्र सवलतीसह तिच्यासमोर हजर होते.

फोन आपले बोलणे चोरून ऐकतो, हा समज अशाच अनुभवांतून घरोघरी पोचला आहे. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सतरा हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप आवाज टिपून पाठवल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही ॲप मात्र स्क्रीनवर काय चालले आहे त्याची चित्रे बाहेर पाठवताना आढळली. वरच्या उदाहरणातही कोणी काही ऐकलेले नाही. मुलीने काय पाहिले आणि कुठे थांबली, एवढ्या नोंदी पुरल्या.

मोबाइल नंबरचा धागा : कुकी पुसता येते, फोन बदलता येतो; मोबाइल नंबर मात्र वर्षानुवर्षे तोच राहतो. म्हणून जाहिरातदार आपल्याकडची ग्राहकांची यादी, म्हणजे नंबर आणि ई-मेल पत्ते, थेट समाजमाध्यमाला देऊ शकतात. फेसबुकने ही सोय २०१२ मध्ये सुरू केली. कापडाच्या किंवा औषधाच्या दुकानात बिल करताना सवयीने सांगितलेला नंबरही या वाटेने जाऊ शकतो. त्याच यादीवरून तिच्यातल्या लोकांसारखे आणखी लोक शोधून देण्याची सोयही पुढे आली.

यादी पाठवण्याआधी नंबरचे 'हॅशिंग' होते, म्हणजे गणिती प्रक्रियेने त्याची एक लांबलचक अक्षरमाळ बनते, त्यामुळे ओळख सुरक्षित राहते, असे सांगितले जाते. हे सांगणे दिशाभूल करणारे आहे. एका नंबरची अक्षरमाळ दर वेळी तीच निघते. दोन्हीकडच्या अक्षरमाळा जुळवून माणूस ओळखणे हाच तर हॅशिंगचा इथला उपयोग. भारतात दहा आकडी मोबाइल नंबर ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे शक्य असलेले सगळे नंबर मिळून ४०० कोटी. तेवढ्या अक्षरमाळा काढून ठेवणे आजच्या संगणकाला मुळीच जड नाही.

उगम : कुकीची कल्पना ब्राउझर बनवणाऱ्या नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी १९९४ मध्ये आणली. परत आलेला पाहुणा वेबसाइटला ओळखता यावा, कार्टमधल्या वस्तू लक्षात राहाव्यात, एवढाच तिचा हेतू होता. हजारो वेबसाइटवर एकाच कंपनीच्या जाहिराती झळकू लागल्या तेव्हा या सोयीचा अर्थ बदलला, कारण ती कंपनी माणसाला या वेबसाइटवरून त्या वेबसाइटवर जाताना पाहू शकत होती.

समाजमाध्यमांनी त्यात खरे नाव घातले. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने 'बीकन' सुरू केले. बाहेरच्या वेबसाइटवर केलेली खरेदी मित्रांना आपोआप कळू लागली, भेट म्हणून घेतलेली वस्तूही लपून राहीना. लोक चिडले, खटला झाला आणि २००९ मध्ये बीकन बंद पडले. त्याच्या अपयशातून घेतला गेलेला धडा मात्र विचित्र होता. नोंद मित्रांना दिसणे तेवढे थांबले, ती घेणे चालूच राहिले. एप्रिल २०१० मध्ये 'लाइक'चे बटण जगभरच्या वेबसाइटवर बसू लागले. ते बटण फेसबुकच्या सर्व्हरवरून येत असल्यामुळे न दाबताही भेटीची खबर जाई. फेसबुकवर खाते नसलेल्यांचीही काही माहिती कंपनी गोळा करते, हे मार्क झुकरबर्ग यांनी एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले. कारण सुरक्षेचे सांगितले.

प्रोफाइल : एकेक नोंद क्षुल्लक असते, ढीग झाला की तो बोलू लागतो. संशोधक मिखाल कोसिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सुमारे ५८,००० स्वयंसेवकांच्या फेसबुक लाइक अभ्यासल्या. केवळ त्यांवरून धर्म, राजकीय कल, लैंगिक कल यांचे बऱ्याच अचूकतेने अंदाज बांधता आले. ज्या गोष्टी माणूस सख्ख्या भावालाही सांगत नाही, त्या त्याने सांगाव्या लागत नाहीत. केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीचे प्रकरण २०१८ मध्ये उघडकीस आले तेव्हा फेसबुकच्याच अंदाजानुसार जगभरात ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अयोग्य रीतीने गेलेली असू शकत होती. ही माहिती एका ॲपमधून गेली होती. भारतातल्या केवळ ३३५ जणांनी ते घेतले होते, तरी मित्रयाद्यांमुळे इथल्या ५ लाख ६२ हजारांहून अधिक लोकांची माहिती धोक्यात आली.

कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकी ग्राहक संस्थेने ७०९ स्वयंसेवकांच्या फेसबुक नोंदी तपासून जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या लोकांची माहिती एकूण १,८६,८९२ कंपन्यांनी फेसबुकला पाठवली होती. माणशी सरासरी २,२३० कंपन्या. इतक्या ठिकाणी कोणी समजून-उमजून संमती दिली असेल, असे म्हणणे शक्य नाही.

सर्वांत जास्त इजा आरोग्याच्या माहितीत होते. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपने दिलेला शब्द मोडून वापरकर्त्या स्त्रियांची माहिती फेसबुक, गूगल आदी कंपन्यांना दिल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने केला. २०२१ मध्ये त्यावर तडजोड झाली. गरोदरपणाची बातमी घरात कोणाला, कधी सांगायची हे ठरवण्याचा हक्क त्या बाईचा आहे. तो एखाद्या सॉफ्टवेअरच्या ओळीने हिरावून घ्यावा, यासारखी गंभीर गोष्ट नाही.

निर्बंध : ॲपलने एप्रिल २०२१ पासून आयफोनवर ॲपना माग काढण्याआधी विचारणे भाग पाडले. मेटाने त्याचा २०२२ मधला फटका सुमारे १० अब्ज डॉलर असेल, असा अंदाज दिला. केवळ विचारल्याने एवढा फरक पडत असेल, तर आधी विचारले का जात नव्हते ते उघड आहे. ॲपलच्या सफारी ब्राउझरने परक्या कुकी, म्हणजे उघडलेल्या वेबसाइटखेरीज इतर कंपन्यांच्या कुकी, २०२० मध्ये पूर्ण बंद केल्या. गूगलने क्रोममधून त्या काढण्याची घोषणा त्याच वर्षी केली, वारंवार पुढे ढकलली आणि अखेर सोडून दिली. दरम्यान दुकानाच्या सर्व्हरवरून थेट समाजमाध्यमाच्या सर्व्हरकडे नोंदी पाठवण्याची पद्धत वाढली आहे. तिथे वापरकर्त्याचा ब्राउझर मध्ये येतच नाही, त्यामुळे जाहिराती अडवणारी साधने तिच्यापुढे हतबल ठरतात.

भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे त्याने मनाई केले आहे, काही सवलतींची वाट मात्र सरकारच्या हाती ठेवली आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. मराठी आणि कोकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. ही तरतूद छोटी दिसते, पण न कळणाऱ्या भाषेतल्या मजकुराखाली 'मान्य' दाबणाऱ्यांसाठी ती मोलाची आहे. भाषांतर वकिली बोजड झाले, तर मात्र तिचा उपयोग उरणार नाही.

फेसबुक व इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये बाहेरच्या कोणत्या वेबसाइट व ॲपनी आपल्याबद्दल काय पाठवले त्याची यादी पाहता येते. तिथून जुन्या नोंदी पुसता येतात आणि पुढच्या नोंदी खात्यापासून तोडता येतात. तोडल्यावरही त्या कंपनीकडे येत राहतात, फक्त खात्याला जोडल्या जात नाहीत.