कुस्ती दोघांची, खेळ कुणाचा?

तीन महिन्यांचं पिल्लू सोफ्याआडून झेपावतं आणि मोठ्या मांजरीच्या मानगुटीला लटकतं. ती त्याला खाली पाडते, पुढच्या पंजांत घट्ट धरते आणि मागच्या दोन्ही पायांनी दणादण लाथा घालते. पिल्लू किंचाळतं, सुटतं, चार पावलं लांब जातं, वळतं आणि पुन्हा तिच्या अंगावर उडी घेतं. बघणाऱ्याचा जीव वरखाली होतो. सोडवायला जावं की बघत राहावं?

गोंधळ उडतो त्याला कारण आहे. मांजरांच्या खेळाला स्वतःच्या अशा हालचाली फारशा नाहीतच. दबा धरणं, पाठलाग, झडप, मानगुटीचा चावा, लाथा हे सगळं शिकारीतून आणि भांडणातून उसनं घेतलेलं. मेरेडिथ वेस्ट या संशोधिकेने 1974 मध्ये पिल्लांच्या आपसातल्या खेळाचे आठ ठरावीक पवित्रे नोंदवले होते. पाठीवर लोळून चारही पाय वर करणं, दोन पायांवर उभं राहणं, पाठीची कमान करून तिरकं तिरकं सरकणं, असे. यातले बरेचसे खऱ्या मारामारीतही दिसतात. म्हणून एखादा फोटो पाहून काही सांगता येत नाही. आधी काय झालं, नंतर काय झालं, हे पाहावं लागतं.

नेमकं तेच स्लोव्हाकियातल्या कोशित्से इथल्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या नोएमा गायदोश-क्मेत्सोवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. त्यांनी 105 व्हिडिओंमधल्या 210 मांजरांच्या झटापटी बारकाईने तपासल्या आणि 2023 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोण किती वेळ कुस्ती खेळलं, कोण कुणामागे धावलं, कोण ओरडलं, कोण नुसतं थांबून राहिलं, याची नोंद केली. तेव्हा झटापटींचे तीन गट पडले: खेळ, भांडण आणि या दोहोंच्या मधलं काहीतरी. निम्म्याहून अधिक झटापटी खेळाच्या निघाल्या. आपल्याला सर्वात भीती वाटते ती अंगाला अंग भिडलेल्या कुस्तीची, पण तिचं नातं जुळलं खेळाशी. भांडणाशी जुळले ते आवाज आणि पाठलाग.

मला मात्र जास्त मोलाचा वाटतो तो मधला गट. तो एकूण खेळाच्याच जवळ जाणारा होता, पण निव्वळ खेळ नव्हता. पिल्लू आणि मोठी मांजर यांच्या बऱ्याचशा झटापटी मला इथेच मोडताना दिसतात, कारण या जोडीत दोघांचा हेतू एक असेलच असं नाही. पिल्लू जीव तोडून खेळत असतं आणि त्याच क्षणी मोठी मांजर त्याला पिटाळून लावत असते. ‘हा खेळ आहे की भांडण?’ या प्रश्नाची दोन मांजरांसाठी दोन उत्तरं असू शकतात.

मग बघायचं काय? पहिली गोष्ट आवाज. मांजरांचा खेळ जवळजवळ मुका असतो. धडपड, नखांचा खरखराट, पिल्लाची एखादी किंकाळी, एवढंच. लांबलचक, चढउतार होणारं, अंगावर काटा आणणारं ओरडणं ऐकू आलं तर ते खेळाचं नाही. दुसरी गोष्ट पंजे आणि दात. खेळात नखं आत ओढलेली असतात, किंवा असली बाहेर तरी रोवली जात नाहीत; चावा घेतल्यासारखा करतात पण जबडा दाबत नाहीत. खेळून झाल्यावर जमिनीवर केसांचे पुंजके पडलेले नसतात. तिसरी, कान. डोक्याला चपटे चिकटलेले आणि मागे वळलेले कान हे घाबरल्याचं किंवा चिडल्याचं लक्षण. झटापटीत डोळ्याला-कानाला लागू नये म्हणून क्षणभर कान खेळातही मागे जातात. कुस्ती थांबल्यावर ते पुन्हा उभे राहतात का, ते बघा. शेपटीचं तसंच. फेंदारलेली शेपटी मोठ्या मांजरीची असेल तर गंभीर. पिल्लाची असेल तर फार मनावर घेऊ नका, पिल्लं रिकाम्या खोलीतसुद्धा शेपटी फुगवून तिरकी नाचतात.

पण या सगळ्याहून भरवशाची खूण म्हणजे पाळी. आता हा वर, मग तो वर. आता हा पळतो, मग तो. जोडीतली ताकदवान मांजर मुद्दाम खाली पडते, धरलेलं सोडून देते. मध्येच दोघं थांबतात, एक जण पंजा चाटायला लागतो, दुसरा भलतीकडे बघतो, आणि परत सुरुवात होते. भांडणात असे मध्यंतर नसतात. तिथे थांबणं म्हणजे ताठरून, नजरेला नजर लावून उभं राहणं. आणि त्यानंतर एक जण पळतो, दुसरा त्याला गाठेपर्यंत सोडत नाही. पळणारा दर वेळी तोच असेल, तर तो खेळ राहिलेला नाही.

एक गैरसमज इथेच काढून टाकायला हवा. कुत्रा पोट दाखवून लोळला तर तो बहुधा नमतं घेत असतो, हे आपल्याला माहीत असतं, आणि तोच अर्थ आपण मांजरीला लावतो. पाठीवर पडलेल्या मांजरीची चारही पायांची नखं आणि दात मोकळे झालेले असतात. तिच्यासाठी ही बचावाची सर्वात घातक स्थिती आहे. खेळातही ती अशीच पडते, त्यामुळे ‘पोट वर केलं म्हणजे हरली’ हे गणित दोन्हीकडे चुकतं.

फिस्कारण्याचं काय? ते ऐकून लोक लगेच धावतात. मोठ्या मांजरीने एकदा फिस्कारून, नखं न काढता एक चापट देऊन पिल्लाला दूर केलं, तर ते भांडण टाळण्यासाठी असतं. ‘पुरे’ असं सांगायची तिची रीत आहे ती. त्यावर तिला ओरडू नये. पिल्लू मागे हटलं की काम झालं. ते हटत नसेल, तर अडचण पिल्लाची आहे.

ही अडचण वयाची असते. पिल्लांचा आपसातला खेळ साधारण चौथ्या आठवड्यात सुरू होतो आणि नवव्या ते चौदाव्या आठवड्यांच्या सुमारास ऐन भरात असतो. नेमक्या याच वयात बहुतेक पिल्लं नव्या घरी येतात. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचा उलटा चावतो किंवा खेळ मोडतो, आई चापट देते, आणि जबडा किती दाबायचा हे पिल्लू शिकतं. फार लवकर आईपासून तुटलेलं किंवा एकटंच बाटलीने वाढवलेलं पिल्लू हा धडा अर्धवट सोडून येतं. त्यात त्याचे 26 दुधाचे दात सुईसारखे. (पिल्लं खेळतात ती शिकार शिकण्यासाठी, असं आपण सहज म्हणतो. पण प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक टिम कॅरो यांच्या 1980 च्या प्रयोगांत लहानपणी खेळायला वस्तू मिळालेली आणि न मिळालेली मांजरं मोठेपणी शिकारीत सारखीच निघाली. खेळाचं कारण अजून वाटतं तितकं सरळ नाही.)

आता दुसरी बाजू, मोठ्या मांजरीची. बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा 2002 मध्ये एक अभ्यास झाला. त्यांपैकी 90 मांजरांच्या सांध्यांची किंवा मणक्यांची झीज दिसली. मांजर दुखणं लपवते, सहसा लंगडत नाही. उंच उडी मारायचं सोडते, जास्त झोपते, आणि अंगावर कुणी आदळलं की चवताळते. नातवाला घोडा घोडा खेळायचा असतो आणि आजोबांचे गुडघे धरलेले असतात, तसा हा मामला. पूर्वी सोशीक असलेली म्हातारी मांजर पिल्लावर अचानक उखडायला लागली, तर आधी तिला पशुवैद्याकडे न्यावं.

शंका आली तर एक साधी परीक्षा आहे. झटापट चालू असताना पिल्लाला खेळण्याने दुसरीकडे वळवा आणि मोठीकडे बघा. ती तिथेच रेंगाळली, पिल्लाच्या मागे आली, तर तिलाही खेळ हवा होता. संधी साधून ती कपाटावर चढली किंवा खोलीतून निघून गेली, तर तिला सुटका हवी होती. अशा वेळी दिवसातून दोन-तीनदा दोरीच्या खेळण्यामागे पळवून पिल्लाला दमवावं, आणि मोठीला पिल्लू पोचणार नाही अशी उंच जागा द्यावी. तिचे सांधे धरलेले असतील तर चढायला मध्ये पायरी ठेवावी.

खरं भांडण जुंपलं तर हात मध्ये घालू नका. चवताळलेली मांजर समोर येईल त्याला चावते, मग तो घरचा माणूस का असेना. मांजरीचे सुळे बारीक आणि लांब असतात; जखम वरून टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि आत जंतू खोल जातात. माणसाच्या हाताला असा चावा लागला तर धुऊन लगेच डॉक्टर गाठावा. मांजरींना झालेल्या जखमेवरची कातडी मिटते आणि दोन-चार दिवसांत आत गळू धरतो, म्हणून भांडणानंतर केसांतून बोटं फिरवून बघावं. सोडवण्यासाठी दोघींच्या मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवावी, वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावं आणि लगेच समेट घडवायला जाऊ नये. राग उतरायला कधी काही तास लागतात, कधी काही दिवस.

सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं ते न लढलेलं भांडण. घरातल्या मांजरांचे पूर्वज म्हणजे एकेकटी राहणारी, एकेकटी शिकार करणारी आफ्रिकी रानमांजरं. नको असलेल्याला टाळणं हाच त्यांचा तोडगा. त्यामुळे घरात कुस्तीही नाही, आवाजही नाही, म्हणून सगळं आलबेल असेलच असं नाही. एक जण दारात आडवा पडून राहतो आणि दुसरा त्या खोलीत जायचं सोडतो. एक जण शौचाच्या ट्रेजवळ बसून नुसता रोखून बघतो आणि दुसरा कोपऱ्यात घाण करायला लागतो. घाण करणाऱ्यालाच आपण रागावतो. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त ठेवावा, आणि ते सगळे एकाच कोपऱ्यात न ठेवता वेगवेगळ्या जागी ठेवावेत, असं पशुवैद्य सांगतात ते यासाठीच. जेवणाच्या वाट्या आणि झोपायच्या जागाही अशाच विखुरलेल्या असाव्यात.