राखाडी जोडीचे पांढरे पिल्लू: व्हाइट की सीएफडब्ल्यू?

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या छोट्या पक्ष्याचे नर-मादी दोघेही राखाडी असताना मडक्यातून एखादे पांढरे पिल्लू बाहेर आले, तर पाळणारा सहसा त्याला ‘व्हाइट’ म्हणून मोकळा होतो. अशा पिल्लामागे मात्र दोन अगदी वेगळी म्युटेशन्स, म्हणजे जनुकातले बदल, असू शकतात. एक खरे व्हाइट आणि दुसरे चेस्टनट फ्लँक्ड व्हाइट, ज्याला हौशी मंडळी सीएफडब्ल्यू म्हणतात. दोन्हींचा वारसा निराळ्या वाटेने चालतो, त्यामुळे पिल्लाची ओळख चुकली की पुढच्या जोड्यांचा हिशेबही चुकतो. व्हाइट नराला सीएफडब्ल्यू मादी ‘व्हाइट’ समजून लावली, तर सारी पिल्ले राखाडी निघतात आणि मग बिचाऱ्या विक्रेत्यावर संशय घेतला जातो.

आधी पिसांकडे पाहावे. राखाडी नराच्या अंगावर दोन प्रकारचे मेलॅनिन, म्हणजे पिसांना रंग देणारे द्रव्य, असते: डोळ्याखालची अश्रूरेषा, छातीवरचा पट्टा आणि शेपटीवरचे आडवे पट्टे काळ्या मेलॅनिनचे, तर गालावरचा नारिंगी ठिपका आणि कुशीवरचा तांबूस भाग लालसर मेलॅनिनचा. व्हाइटमध्ये पिसांतले हे दोन्ही रंग जातात. सीएफडब्ल्यूमध्ये काळे मेलॅनिन फार कमी होते, परंतु लालसर मेलॅनिन बऱ्याच अंशी टिकते. म्हणूनच प्रौढ सीएफडब्ल्यू नराला पांढऱ्या अंगावर नारिंगी गाल आणि तांबूस कूस असते आणि त्याच्याबाबत घोटाळा होत नाही. चोचीचा लाल-नारिंगी रंग मेलॅनिनचा नसून कॅरोटिनॉइड या वेगळ्या रंगद्रव्याचा असल्यामुळे दोन्ही म्युटेशन्समध्ये तो कायम राहतो. ओळखीसाठी त्याचा काहीच उपयोग नाही.

घोटाळा होतो तो मादीबाबत. राखाडी मादीलाही नारिंगी गाल किंवा तांबूस कूस नसते, त्यामुळे सीएफडब्ल्यू मादीजवळ टिकून राहण्यासारखा लालसर रंग फारसा नसतोच. तिच्या अंगावर उरते ती डोळ्याखालची फिकट रेषा, शेपटीवरचे पुसट पट्टे आणि पाठीवरची किंचित मलईची छटा. खिडकीजवळच्या उजेडात, शक्य असल्यास एखादा निर्विवाद व्हाइट पक्षी शेजारी ठेवून पाहिले, तर हा फरक दिसतो; ट्यूबलाइटखाली घेतलेल्या मोबाइलच्या फोटोवरून निर्णय देण्याचे मी टाळतो.

व्हाइट पिल्लेही नेहमी स्वच्छ पांढरी नसतात. पुष्कळांच्या पाठीवर राखाडी शिंतोडे असतात आणि पहिल्या पीसगळीनंतर ते बहुधा कमी होतात किंवा नाहीसे होतात. त्यामुळे अंगावर थोडी करडी छटा दिसली म्हणजे पिल्लू सीएफडब्ल्यूच, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. छटा कोठे आहे, हे पाहणे महत्त्वाचे: शिंतोडे पाठीवर कसेही विखुरलेले असतील तर कल व्हाइटकडे, आणि राखाडी पक्ष्याच्या खुणा जेथे असतात नेमक्या तेथेच त्या फिकट रूपात असतील तर कल सीएफडब्ल्यूकडे.

डोळ्यांचा पुरावा त्याहून लवकर मिळतो, पण तो थोडेच दिवस टिकतो. व्हाइटचे डोळे सामान्य पक्ष्याप्रमाणे काळेच असतात, कारण डोळ्यांतल्या रंगद्रव्याला हे म्युटेशन हात लावत नाही. सीएफडब्ल्यू पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा मिटलेल्या पापणीआडून डोळा लालसर दिसतो. पुढे तो गडद होत जातो आणि प्रौढपणी ती लाली केवळ प्रखर उजेडातच जाणवते. फॉन या तपकिरी रंगप्रकारातल्या पिल्लांचे डोळेही जन्मतः काहीसे जांभळट दिसतात, पण त्यांना तपकिरी पिसे फुटू लागली की तो प्रश्न आपोआप मिटतो. पिल्ले साधारण तीन आठवड्यांची होऊन मडक्याबाहेर आल्यावर ज्याने प्रथम पाहिले, त्याला डोळ्यांवरून ठामपणे सांगता येणार नाही.

माझ्या मते सर्वांत भरवशाचा पुरावा पिसांत नसून पिल्लाच्या लिंगात आहे. व्हाइट हे साधे अप्रभावी म्युटेशन आहे: नर आणि मादी दोघेही स्प्लिट असले, म्हणजे दोघांच्याही अंगात ते लपलेले असले, तरच पांढरे पिल्लू निपजते आणि ते नर किंवा मादी कोणीही असू शकते. सीएफडब्ल्यूचे जनुक मात्र झेड या लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असते. नराकडे दोन झेड असतात, मादीकडे एकच. त्यामुळे मादीला ते लपवता येत नाही, एक तर ती सीएफडब्ल्यू दिसते किंवा तिच्यात ते नसतेच. यावरून असे निघते की, दोन राखाडी पक्ष्यांपासून झालेले सीएफडब्ल्यू पिल्लू मादीच असले पाहिजे आणि ते जनुक तिला बापाकडूनच मिळालेले असते. मोजदाद येथे कामाला येत नाही, कारण दोन्ही प्रकारांत सरासरीने चारांतले एकच पिल्लू पांढरे अपेक्षित असते, आणि चार पिल्लांच्या विणीत एकही न निघण्याची शक्यता सुमारे 32 टक्के असते. दोन-तीन विणी राखाडी गेल्यानंतर अचानक पांढरे पिल्लू दिसावे, यात म्हणूनच नवल नाही.

खऱ्या व्हाइट नराला नारिंगी गाल फुटत नसल्यामुळे लिंग ठरवण्यासाठी गाण्याची वाट पाहावी लागते. झेब्रा फिंचमध्ये नरच गातो. पांढरे पिल्लू मोठे होऊन गाऊ लागले आणि गाल पांढरेच राहिले, तर ते व्हाइट. पांढऱ्या अंगावर नारिंगी गाल उमटले, तर तो सीएफडब्ल्यू नर, आणि मग त्याची आई पिंजऱ्यातली राखाडी मादी असूच शकत नाही. कॉलनीत, म्हणजे अनेक जोड्या एकत्र ठेवल्यास, अशी गडबड सहज होते, कारण माद्या दुसऱ्यांच्या घरट्यातही अंडी घालतात; शिवाय नर बदलल्यानंतरही काही दिवस आधीच्या नराच्या शुक्राणूंमुळे अंडी फळू शकतात. सुट्या पिंजऱ्यातल्या जोडीची नोंद नसेल, तर वर सांगितलेला हिशेब लावण्यात अर्थ नाही.

पांढरी पिल्ले सगळी माद्याच निघत असतील आणि तरीही शंका राहिली, तर त्याच राखाडी नराला नात्याबाहेरची दुसरी राखाडी मादी द्यावी. तो सीएफडब्ल्यूला स्प्लिट असेल, तर नव्या मादीपासूनही त्याच्या निम्म्या मुली फिकट निघतील. व्हाइटला स्प्लिट असेल, तर नवी मादीही तशीच स्प्लिट असल्याशिवाय पांढरे काही निघणार नाही.

राखाडी भावंडांची किंमतही याच निकालावर ठरते. जोडी व्हाइटची असेल, तर प्रत्येक राखाडी पिल्लू, नर असो वा मादी, स्प्लिट असण्याची शक्यता तीनात दोन असते. नर सीएफडब्ल्यूला स्प्लिट असेल, तर त्याच्या राखाडी मुली निश्चितपणे त्यापासून मुक्त असतात आणि मुलांपैकी सरासरीने निम्मे स्प्लिट असतात. कोणता स्प्लिट आणि कोणता नाही, हे पाहून सांगता येत नाही. त्यामुळे अशी राखाडी मादी कोणी ‘सीएफडब्ल्यू स्प्लिट’ म्हणून जास्त दराने देऊ करत असेल, तर तो दर देऊ नये.