ट्रान्समिट केलं की सेट बंद का पडतो?

हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचा, सेट ऐकताना ठणठणीत चालतो, पण ट्रान्समिट करायला, म्हणजे संदेश पाठवायला, माइकचं बटण दाबताच डिस्प्ले मंद होतो किंवा सेट बंद होऊन पुन्हा सुरू होतो. संशय आधी सेटवर जातो, मग पॉवर सप्लायवर. मधली लाल-काळी केबल मात्र सहसा सुटते, कारण तार सलग आहे का ते सांगणारा मल्टिमीटरचा बझर तिच्यावर नीट वाजतो.

बझरवर इथे विसंबू नये. १०० वॉटचा एचएफ (लघुलहरींचा) सेट ऐकताना १ ते २ अँपिअर घेतो, ट्रान्समिट करताना २० च्या वर. एखाद्या जोडात फक्त ०.०५ ओहम रोध असेल, तर १ अँपिअरला ०.०५ व्होल्टच कमी होतात आणि काही जाणवत नाही. २० अँपिअरला मात्र पूर्ण १ व्होल्ट जातो आणि त्या जोडात २० वॉट उष्णता तयार होते. इतका कमी रोध साधा मल्टिमीटर नीट मोजू शकत नाही, कारण त्याच्या प्रोबच्या तारांचा रोधच सहसा याहून जास्त असतो. बहुतेक सेटना १३.८ व्होल्ट, अधिक-उणे १५ टक्के, म्हणजे किमान ११.७ व्होल्ट लागतात. सेट १२.५ व्होल्टच्या बॅटरीवर असेल, तर हाताशी जेमतेम ०.८ व्होल्ट उरतात.

म्हणून रोध मोजायच्या फंदात न पडता, भार असताना केबलवर किती व्होल्ट पडतात ते मोजावं. अँटेनाच्या जागी १०० वॉट पेलणारा ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे लहरी बाहेर न सोडता शक्ती उष्णतेत जिरवणारा रोधक, लावा. मोड सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एफएम ठेवा, कारण एसएसबी या बोलण्याच्या मोडमध्ये करंट आवाजाबरोबर वरखाली होतो. आधी ट्रान्समिट करताना सप्लायच्या टर्मिनलवरच व्होल्टेज पाहा. तिथेच ते घसरत असेल तर दोष सप्लायचा. ते स्थिर असेल तर मीटर २ व्होल्ट डीसी रेंजवर घ्या. एक प्रोब सप्लायच्या लाल टर्मिनलवर, दुसरा सेटच्या प्लगमध्ये मागच्या बाजूने लाल पिनला टेकवा. प्रोबचं टोक शेजारच्या काळ्या पिनला लागू देऊ नका. पाच-दहा सेकंद ट्रान्समिट करून आकडा टिपा. मग काळ्या तारेवर तेच. काळी तार बरेच जण तपासतच नाहीत, पण सगळा करंट तिच्यातूनच परततो.

आता किती घट रास्त? ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००५ ओहम. ३ मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन ६ मीटर तार, म्हणून २० अँपिअरला ०.६ व्होल्ट. २.५ च्या तारेत हेच सुमारे ०.९५ होतात, ६ च्या तारेत ०.४. दोन्ही तारांच्या आकड्यांची बेरीज याहून बरीच जास्त आली, तर एक प्रोब टर्मिनलवरच ठेवून दुसरा एकेक जोड पुढे सरकवा: लग (तारेच्या टोकाची धातूची कडी), फ्यूज होल्डरची अलीकडची बाजू, पलीकडची बाजू. जिथे आकडा एकदम उडी मारतो तिथे दोष. सगळीकडे सारखाच जास्त वाढला, तर तार तपासा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते, तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो. ब्लेडने खरवडल्यावर आत रुपेरी दिसली तर ती वापरू नका. कल्हई केलेली अस्सल तार उलट, बाहेरून रुपेरी आणि आत लाल असते.

हमखास सापडणारा दोष म्हणजे फ्यूज होल्डर. काचेच्या फ्यूजच्या होल्डरची स्प्रिंग गरम होऊन ढिली पडते आणि संपर्क काळा पडतो. घासून तो काही दिवस चालेल, पण बदलणंच योग्य. ब्लेड फ्यूजचा होल्डर घ्या. कोकणात, खाऱ्या हवेत, तारेवरचा हिरवा गंज इन्सुलेशनच्या आत सरकतो, तेव्हा लखलखीत तांबं लागेपर्यंत तार कापावी लागते. स्क्रूखाली तार सोल्डर करून दाबू नका. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. योग्य मापाचा लग क्रिम्प करा, म्हणजे पकडीने तारेवर घट्ट दाबून बसवा.

नवा फ्यूज टाकताच जळत असेल, तर मोठा फ्यूज टाकणं धोक्याचं. तारा कधी उलट जोडल्या गेल्या असतील, तर सेटमधला संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असू शकतो, आधी तो पाहा.

डमी लोडवर सगळं ठीक आणि खऱ्या अँटेनावरच सेट बंद पडत असेल, तर केबल बदलून उपयोग नाही. तिथे बहुधा केबलवर आरएफ, म्हणजे अँटेनातून निघालेली रेडिओ लहरींची ऊर्जा, चढतंय. मिक्स ३१ या प्रकारच्या फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) मोठ्या रिंगमधून लाल-काळी तार एकत्र घेऊन, सेटजवळ, मावतील तितके वेढे द्या.